ओहोटीची वेळ

पुंता अरेनासला जूनमध्ये दहाच्या सुमारास उजाडतं.
त्याच्या कितीतरी आधी नळी येते,
लाल बुचाची, मुठीत धरली तर अजून कोमट.
चिठ्ठीवर नाव: मान्सिया, एलिएसेर. खाट एकवीस.
व्हँकोमायसिन, डोसाआधीची पातळी.

मी त्याला पाहिलेलं नाही.
ठाऊक आहे ते एवढंच, की खेकड्यांच्या पिंजऱ्याचा दोर
तळहात चिरून गेला, आणि तो दहा दिवस
खाऱ्या पाण्यावर नि देवावर हवाला ठेवून
बोटीवरच राहिला;
की आता त्याच्या काळजाच्या झडपेवर
जंतूंनी बिऱ्हाड थाटलंय.

नेल्दा सांगते, पहिल्याच दिवशी त्याने विचारलं:
औषधाच्या आधी का घेता रक्त?
नंतर घ्या की, तेव्हा भरपूर असेल.
भरपूर असतं तेव्हा कळत नाही, ती म्हणाली.
तो जरा गप्प बसला. मग म्हणाला,
बरोबर आहे. खडक किती वर, ते ओहोटीलाच कळतं.

तेव्हापासून माझ्या वहीत
या चाचणीचं नाव ओहोटी.

सेंट्रिफ्यूज घरघरतं, थांबतं.
खाली लाल गाळ, वर गवती रंगाचं पाणी,
त्या पाण्यात एक आकडा.
दहाच्या खाली उतरला तर जंतूंना रान मोकळं,
विसाच्या वर चढला तर दंड भरतात मूत्रपिंडं.
मधून जायला चिंचोळी वाट,
आमच्या सामुद्रधुनीसारखीच, वाऱ्याच्या तोंडाशी.

आज आला अडतीस.

मी चष्मा पुसला. अडतीसच.
कंट्रोल लावून पाहिला, मशीन शुद्धीवर होतं.
हा आकडा वर गेला की काय होईल, मला पाठ आहे:
डॉक्टर मार्तिनिच कॉफी खाली न ठेवता
डोस निम्मा करतील.
पण क्रिएटिनिन कालच्याइतकंच, एक पूर्णांक एक.
मूत्रपिंडांची काहीच कुरकुर नाही.
मग ओरडतंय कोण?

चिठ्ठीवर वेळ छापलेली: पाच तीस.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
मग संगणकाच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे,
मग पुन्हा भिंतीकडे.

हिवाळ्यात सान्तियागो आपले काटे तासभर मागे घेतं.
आम्ही घेत नाही.
संध्याकाळचा उजेड इथे आधीच ओंजळभर,
त्यातला तास कुणाला उसना द्यायचा?
पण या संगणकाला वेळ येते तिकडूनच,
आणि कुणी विचारलं नव्हतं त्याला
तू कुठे बसलायस म्हणून.

फोन लावला. नवी नर्स,
गेल्या आठवड्यात उत्तरेकडून आलेली.
साडेपाचलाच काढलं, ती म्हणाली. स्क्रीनवर बघून.
मी म्हणाले, भिंतीवर किती वाजले होते?
पलीकडे नुसती शांतता, आणि तावदानावर वारा.
मग बारीक आवाजात:
साडेसहा.
सहाची पिशवी तेव्हा लटकत होती.

रागावणार होते. रागावले नाही.
ऐन भरतीत गळ टाकून आम्ही
पाणी किती खोल, ते मोजत होतो;
त्यात तिचा हात होता,
तशी माझ्या टेबलावरच्या खोट्या घड्याळाचीही साथ होती,
जे मी तीन हिवाळे रोज बघत आलेय.

आकडा अडवला. लिहिलं: नमुना ग्राह्य नाही.
पुन्हा पाठवा, संध्याकाळच्या डोसाआधी,
साडेपाच, भिंतीवरचे.

नळी आली तेव्हा बाहेर पुन्हा मिट्ट काळोख.
छापील वेळेवर काट मारून
खाली पेनाने खरी वेळ लिहिली होती, दोनदा गिरवून.

चौदा पूर्णांक दोन.

डोस आहे तोच राहिला. एवढंच झालं.
मी हातमोजे काढत होते तेवढ्यात नेल्दाचा फोन:
एकवीस नंबर विचारतोय, पाणी कुठवर आलंय?

खडक दिसतोय, म्हणावं.